“साल काय ध्यानात न्हाई”: ट्रक ड्रायव्हरची आठवण डेटा कशी होते?

मागच्या काही महिन्यांत ‘मुलाखती घ्यायच्या आहेत, पण म्हातारी माणसं सांगतात त्यावर कितपत विश्वास ठेवायचा?’ हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. मी स्वतः संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेली. त्यामुळे पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी हाच प्रश्न मीही गाइडना विचारला होता, आणि तोही थोड्या तोऱ्यात. आज त्याचं सविस्तर उत्तर देते. उदाहरण माझ्याच कामातलं आहे: कोल्हापुरातल्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांत पूर्वी काम केलेल्या लोकांच्या आठवणी. तुमचा विषय वेगळा असेल, पण अडचणी ह्याच येतील.

माझी पहिली चूक

पहिली मुलाखत एका निवृत्त ट्रक ड्रायव्हरांची. मी त्यांना मामा म्हणते. माझ्याकडे छापील प्रश्नावली होती. प्रश्न १: ‘आपण या व्यवसायात कोणत्या वर्षी आलात?’

मामा म्हणाले, “साल काय ध्यानात न्हाई बघ पोरी. पण भूकंप झाला तवा मी किन्नर हुतो. गाडी उभी हुती, मी टपावर झोपलेलो. वाटलं कुणीतरी गाडी हलवतंय.”

मी रकान्यात लिहिलं: ‘माहीत नाही’. आणि पुढच्या प्रश्नाला गेले.

गाइडनी तो कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, “हा कुठला भूकंप?” तेव्हा माझी ट्यूब पेटली. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. म्हणजे मामांनी नुसतं साल नव्हे, तारीख आणि वेळ दिली होती. ‘किन्नर’, म्हणजे क्लीनर, असल्याचं सांगून हुद्दाही दिला होता. उत्तर समोर होतं, पण माझ्या रकान्यात बसत नव्हतं म्हणून मी ते टाकून दिलं. संशोधनात डेटा नाही म्हणून आपण रडतो, पण बऱ्याचदा तो आपल्या प्रश्नावलीनंच गाळलेला असतो.

आठवणीच कशाला? कागद नाहीत का?

कागद असतात, पण थोडे. ट्रान्सपोर्टच्या धंद्यातला मुख्य कागद म्हणजे बिल्टी. माल कुणी पाठवला, कुणाला पाठवला, नग किती, वजन किती, भाडं किती आणि ते आधी भरलंय की माल पोचल्यावर घ्यायचंय, एवढं तिच्यावर असतं. ही बुकं काही वर्षांनी रद्दीत जातात. गाळा रिकामा केला की पहिली तीच बाहेर पडतात. आपल्याकडे ज्यांना हुंडेकरी म्हणतात, म्हणजे व्यापाऱ्याचा माल गोळा करून गाडीला भरती मिळवून देणारे, त्यांचा निम्मा व्यवहार तर तोंडीच चालायचा.

आणि समजा सगळी बुकं मिळाली, तरी त्यात काय नसेल ते बघा. ड्रायव्हर किती तास जागा होता, ते नाही. नाक्यावर किती वेळ गेला, ते नाही. ताडपत्री कुणी बांधली, रात्री गाडीची राखण कुणी केली, किन्नराला पगार मिळाला की नुसतं जेवण, ते नाही. बिल्टी ही मालाची गोष्ट सांगते, माणसाची नाही.

इथे कायद्याचा एक मुद्दा लक्षात घ्या. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा, तो २०२५ पर्यंत लागू होता. त्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. पण हा कायदा मुळात ५ किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू व्हायचा. एक-दोन गाड्यांचा मालक, एक ड्रायव्हर, एक किन्नर ही जी आपल्याकडची नेहमीची रचना, ती सहज त्याच्या बाहेर राहायची. म्हणजे जिथं कामाचे तास नोंदवण्याची सक्ती नव्हती, तिथंच नोंद नाही. डेटा हा असा ‘सहज’ गहाळ होत नाही, तो कारणानं गहाळ होतो. संख्याशास्त्रवाल्यांनो, मिसिंग डेटाचा धडा आठवा: जो गहाळ आहे तो उरलेल्यासारखाच असेल असं धरून चाललं की निष्कर्ष घसरला. फक्त कागदांवर थांबलात, तर सगळ्यात जास्त राबलेली माणसंच तुमच्या प्रबंधात नसतील.

म्हणून आठवणी.

आठवण कुठं कुठं चुकते

आठवण चुकते हे खरंच आहे. पण ती वाटेल तशी चुकत नाही, तिच्या चुकांना वळण असतं. चार मुख्य वळणं सांगते.

पहिलं, काळ जवळ ओढणं. याला टेलिस्कोपिंग म्हणतात. दुर्बिणीतून लांबची वस्तू जवळ दिसते, तसं जुनी घटना हल्लीची वाटते. नेटर आणि वॅक्सबर्ग यांनी १९६४ साली अमेरिकेतल्या घरदुरुस्तीच्या खर्चावर केलेला अभ्यास यातला पायाभूत मानतात. लोक आधीच्या काळातला खर्चही विचारलेल्या काळात धरून सांगत होते.

दुसरं, गोल आकडे. “वीस वर्षं गाडी चालवली,” “पंचवीस वर्षं दिवाणजी होतो.” अठरा आणि तेवीस कुणी म्हणत नाही. आलेख काढलात तर ५ च्या पटींवर खांब उभे राहतात. ही माणसाची सवय आहे, धंद्याचं वैशिष्ट्य नाही.

तिसरं, रोजचं आणि एखाद्या वेळचं एकत्र होणं. “आम्ही रातोरात मुंबई गाठायचो” हे वाक्य घ्या. कोल्हापूर ते मुंबई साधारण ३८० किलोमीटर. जुन्या रस्त्यावर, भरल्या गाडीला, घाट आणि नाके धरून ताशी ३० चा सरासरी वेग मिळाला तरी जवळजवळ १३ तास होतात. संध्याकाळी ७ ला निघालेली गाडी कुठंही न थांबता सकाळी ८ ला पोचेल. जेवण नाही, पंक्चर नाही, नाक्यावर रांग नाही. मग मामा खोटं बोलले का? नाही. ‘गाठायचो’ हे रूप नेहमीचं आहे, पण आठवण बहुधा सगळ्यात चांगल्या एक-दोन खेपांची आहे. म्हणून पुढचा प्रश्न असा हवा: “आणि सगळ्यात जास्त वेळ लागला ती खेप कुठली?” दोन टोकं मिळाली की मधलं बोलायला माणूस आपोआप मोकळा होतो.

चौथं, तरुणपणाचा फुगवटा. साधारण १० ते ३० या वयातल्या गोष्टी माणसाला पुढं जास्त ठळक आठवतात, असं मानसशास्त्रात वारंवार दिसलंय. किन्नर म्हणून पोरगं चौदा-पंधराव्या वर्षी गाडीवर जायचं. त्यामुळे सुरुवातीची दहा वर्षं तासभर सांगतात आणि नंतरची वीस “मग काय, चाललंच” यात आटपतात. यावरून ‘पूर्वी काम जास्त होतं’ असा निष्कर्ष काढाल, तर तो ट्रान्सपोर्टबद्दल नाही, मेंदूबद्दल असेल.

आणि पाचवी गोष्ट आठवणीची नाही, नमुन्याची आहे. आपण भेटतो ती उरलेली माणसं. घाटात गेलेली, आजारानं लवकर गेलेली, धंदा सोडून परगावी गेलेली माणसं आपल्या कट्ट्यावर बसलेली नसतात. “त्रास होता पण निभावलं” असं सगळेच सांगतात, कारण ज्यांचं निभावलं नाही ते सांगायला नाहीत.

साल नको, खुंटी विचारा

यावरचा सगळ्यात उपयोगी उपाय म्हणजे खुंटी. एलिझाबेथ लॉफ्टस आणि मारबर्गर यांनी १९८३ मध्ये दाखवलं, की “गेल्या सहा महिन्यांत” असं विचारण्यापेक्षा “सेंट हेलेन्सचा ज्वालामुखी फुटल्यापासून” असं विचारलं की जुन्या घटना पुढं ओढल्या जाण्याचं प्रमाण कमी होतं. आपल्याला ज्वालामुखी नको. कोल्हापूरच्या रस्त्यावरच्या माणसासाठी मी वापरते त्या खुंट्या अशा:

- कोयनेचा भूकंप: डिसेंबर १९६७
- दुष्काळ: १९७२
- रेल्वेचा देशव्यापी संप: मे १९७४. मालगाड्या अडल्या की ट्रकची मागणी वाढते, त्यामुळे ट्रकवाल्यांना हा संप लक्षात असतो
- आणीबाणी: जून १९७५ ते मार्च १९७७
- पंचगंगेचे महापूर: १९८९, २००५, २०१९, २०२१. ऑगस्ट २०१९ ला तर पुणे-बंगळूर हायवेच पाण्याखाली गेला आणि दिवसच्या दिवस ट्रक उभे राहिले
- कोकण रेल्वे पूर्ण सुरू: जानेवारी १९९८
- नगरपालिकांची जकात बंद: १९९९. महानगरपालिकांची जकात मात्र त्यानंतरही बरीच वर्षं चालू होती
- जीएसटी: १ जुलै २०१७

यात घरच्या खुंट्या जोडा: लग्न, थोरल्या मुलीचा जन्म, वडील गेले ते साल. महिना काढायला सण आणि हंगाम: गुऱ्हाळं चालू होती का, जोतिबाची यात्रा झाली होती का. एका कागदावर आडवी रेघ मारून मी या सगळ्या खुंट्या मांडते आणि तो कागद आमच्या दोघांच्या मध्ये ठेवते. मग मामाच बोट ठेवून सांगतात, “ह्याच्या अलीकडं, आणि ह्याच्या पलीकडं.”

पण खुंट्याही फसवतात. तीन उदाहरणं देते.

खंबाटकी घाट. “आम्ही घाट चढून जायचो, तेव्हा बोगदा नव्हता.” छान, म्हणजे जुनी गोष्ट? थांबा. बोगदा झाल्यावरही बरीच वर्षं तो फक्त साताऱ्याकडून पुण्याकडं जाणाऱ्या वाहनांसाठी होता, पुण्याकडून येणारी वाहनं घाटानंच यायची. म्हणून नुसता घाट आठवला तर काहीच सिद्ध होत नाही. जाताना की येताना, ते विचारायचं.

गाडीचा नंबर. ड्रायव्हरला जुन्या गाडीचा नंबर पोटच्या पोराच्या नावासारखा पाठ असतो. मोटार वाहन कायदा १९८८ हा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि पुढं कोल्हापूरच्या गाड्यांना एमएच-०९ आलं. त्याआधी तीन अक्षरं आणि चार आकडे असत. पण तीन अक्षरांचा नंबर एवढंच सांगतो की गाडीची नोंदणी जुनी आहे. ती गाडी नंतर किती वर्षं पळाली, ते सांगत नाही.

माल उतरवायची जागा. “मुंबईत गूळ कुठं उतरायचा? मशीद बंदरला की वाशीला?” हा प्रश्न मला फार आवडतो. मुंबईचे घाऊक बाजार १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्यानं वाशीला गेले. पण ‘टप्प्याटप्प्यानं’ हा शब्द महत्त्वाचा. प्रत्येक मालाचा बाजार वेगळ्या वर्षी हलला, त्यामुळे कुठला माल ते आधी पक्कं करा.

हिशेब करा, पण घाई करू नका

एकदा एका हमालमामांनी सांगितलं, “गाडीत नऊशे रवे भरायचो.” माझ्या डोक्यात कोल्हापुरी गुळाचा रवा म्हणजे ३० किलो. ९०० गुणिले ३० म्हणजे २७ टन. त्या काळच्या दोन आसांच्या ट्रकमध्ये साधारण नऊ टन माल यायचा. ओव्हरलोड धरला तरी २७ टन अशक्य. मी वहीत शेरा मारला: ‘अतिशयोक्ती’.

घरी आल्यावर शंका आली म्हणून फोन केला. “मामा, रवा केवढा?” ते म्हणाले, “धाकला. धा किलोचा.” ९०० गुणिले १० म्हणजे बरोबर नऊ टन. चूक त्यांची नव्हती, एकक मी परस्पर ठरवलं होतं. आणि गंमत अशी, की वजन तेवढंच असलं तरी हमालासाठी हे काम वेगळं आहे. ३० किलोचे ३०० नग उचलणं आणि १० किलोचे ९०० नग लावणं यात पाठीवरचा भार, वाकण्याची संख्या, लागणारा वेळ, सगळंच बदलतं. बिल्टीवर मात्र दोन्हीकडं नऊ टनच.

तेव्हापासून नियम: आकडा अशक्य वाटला तर आधी आपलं एकक तपासायचं, मग सांगणाऱ्याचं मन.

साल लिहू नका, अंतर लिहा

आता विज्ञान शाखेच्या लोकांसाठी. मुलाखतीतून नेमकं साल मिळालं नाही तर अंदाजानं एक आकडा ठोकून देऊ नका. ‘१९६७ नंतर आणि १९७२ च्या आधी’ असं मिळालं, तर दोन रकाने करा: खालची मर्यादा आणि वरची मर्यादा. याला इंटरव्हल सेन्सॉरिंग म्हणतात आणि अशा डेटासाठी व्यवस्थित पद्धती आहेत. टर्नबुल यांचा १९७६ चा अंदाजक वैद्यकीय संशोधनात त्यासाठीच वापरतात. रोग नेमका कधी सुरू झाला ते माहीत नसतं, दोन तपासण्यांच्या मध्ये कधीतरी, एवढंच माहीत असतं. मामांच्या दोन खुंट्या म्हणजे त्या दोन तपासण्याच.

तिसरा रकाना हवा: त्यांचे शब्द, जसेच्या तसे. ‘तवा’ला ‘तेव्हा’ करू नका. चौथा: मी काय अर्थ लावला. हे दोन रकाने कधीही एकत्र करायचे नाहीत. उद्या तुमचा अर्थ चुकला तरी मूळ शब्द शाबूत राहतील.

आणखी एक. दोघांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे ती पक्की, असं नाही. ते दोघं रोज संध्याकाळी एकाच टपरीवर चहा पीत असतील, तर ते दोन साक्षीदार नाहीत, दीड आहेत.

चुकीचं उत्तर हेच उत्तर असतं तेव्हा

शेवटचा भाग मला लिहायला जड जातोय, पण तो टाळला तर हा लेख अर्धा राहील.

मामांच्या गाडीवर एक किन्नर पोरगा होता. घाटात गाडी मागं सरकायला लागली, पोरगा चाकामागं दगड लावायला उतरला आणि चाकाखाली गेला. मामांनी हे तिसऱ्या भेटीत सांगितलं. म्हणाले, “त्याच साली कंपनी बंद पडली.”

त्यांच्याच इतर आठवणींशी हे जुळेना. कंपनी बंद पडली ती जकात नाके उठल्यानंतर, म्हणजे १९९९ किंवा पुढं. आणि त्या पोराचा बाप पैसे मागायला ऑफिसात आला, तेव्हा ८९ च्या पुराचं पाणी उतरत होतं, हेही मामांनीच सांगितलेलं. लायसन त्यांना आणीबाणी उठल्यावर मिळालं होतं. म्हणजे अपघात १९७७ ते १९८९ च्या मधला. निदान दहा वर्षांचा फरक. मी वहीत लिहिलं, ‘तारीख अविश्वसनीय’, आणि ती नोंद गाळायचं ठरवलं.

तेव्हा गाइडनी पोर्तेल्ली वाचायला दिला. ॲलेसांद्रो पोर्तेल्ली हे इटलीतले मौखिक इतिहासाचे अभ्यासक. तेर्नी नावाच्या पोलादाच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९ च्या मार्चमध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला. पण गावातले कितीतरी कामगार सांगत, की तो १९५३ साली, कारखान्यातून हजारो कामगारांना काढलं त्या लढ्यात मेला. पोर्तेल्लींनी ही चूक दुरुस्त करून सोडून दिली नाही. त्यांनी विचारलं: एवढी माणसं एकाच दिशेनं का चुकतायत? उत्तर असं, की एका साध्या निदर्शनात झालेला मृत्यू लोकांना निरर्थक वाटत होता. आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या लढ्यात नेऊन ठेवल्यावर त्याला अर्थ मिळत होता.

मी परत मामांकडं गेले. साल दुरुस्त करायला नाही. एवढंच विचारलं, “कंपनी का बंद पडली, मामा?”

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “त्या पोराची हाय लागली.”

दहा वर्षांची चूक म्हणजे हे होतं. कामगार नुकसानभरपाईचा कायदा आपल्याकडं १९२३ पासून होता. पण पोरगं हजेरीपटावर नव्हतं. बापाच्या हातात थोडे पैसे ठेवून त्याला परत पाठवलं. न्याय झाला नाही, तो मामांच्या आठवणीनं केला. दोन घटना शेजारी आणून ठेवल्या: इकडं पोरगं गेलं, तिकडं कंपनी बुडाली. माझ्या तक्त्यात या नोंदीपुढं आता १९७७-१९८९ असं अंतर आहे, आणि शब्दांच्या रकान्यात ‘त्याच साली’ हे दोन शब्द तसेच आहेत. पहिल्या रकान्यातून कळतं काय घडलं. दुसऱ्यातून कळतं, ते घडल्यावर एक माणूस पुढची तीसेक वर्षं काय घेऊन जगला. कुठलाही एक रकाना पुसला तर ते अर्धंच संशोधन.

त्या दिवशी मी रेकॉर्डर बंद केला होता. हे वाक्य आणि ही हकिगत लिहू का, असं मामांना नंतर विचारलं. ते म्हणाले, “लिव्ह. त्याचं नाव नको, माजं नको, कंपनीचं बी नको. पण लिव्ह.” परवानगीचा फॉर्म पहिल्या दिवशी सही करून घेतला म्हणजे संपलं, असं नसतं. जड गोष्ट निघाली की पुन्हा विचारायचं.

तर, मुलाखतीला जाण्याआधी

प्रश्नावली न्या, पण पिशवीत ठेवा. पहिला प्रश्न सालाचा नको, रस्त्याचा विचारा: “पहिली खेप कुठली?” खुंट्यांचा कागद आपल्या गावाप्रमाणं आधी करून ठेवा. सांगलीची वेगळी, इचलकरंजीची वेगळी. रवा, नग, खेप, पोतं, जे एकक निघेल ते केवढं, ते तिथंच विचारा. एकाच माणसाला निदान दोनदा भेटा, कारण तिसऱ्या भेटीतली गोष्ट पहिल्या भेटीत निघत नाही.

आणि ‘माहीत नाही’ लिहिण्याआधी पेन क्षणभर थांबवा. समोरच्या माणसानं कदाचित आत्ताच सांगितलेलं असेल.

तुमच्या गावाच्या, तुमच्या विषयाच्या खुंट्या कुठल्या, ते जरूर कळवा. एकत्र यादी केली तर आपल्या सगळ्यांच्याच कामाला येईल.